२१४ फोटोंचे ६२ झाले: दादरच्या स्लाइड शो अभिप्राय वर्गाबद्दल

आधी पैशांचं सांगते, कारण फोन केला तेव्हा मीही पहिलं तेच विचारलं होतं. दोन शनिवार, दर वेळी संध्याकाळी पाच ते आठ, मिळून १,८०० रुपये. एका तुकडीत आठच जण घेतात. आपण काढलेल्या निसर्गफोटोंचा स्लाइड शो पेन ड्राइव्हवर घेऊन जायचा, सगळ्यांनी तो बघायचा आणि तो कसा सुधारेल हे सांगायचं. कॅमेरा कसा धरायचा, लेन्स कोणती घ्यायची हे तिथे शिकवत नाहीत. वर्ग दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर भरतो. लिफ्ट नाही. जिना लाकडी आहे आणि पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं.

मी विक्रोळीच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, राहते मुलुंड पूर्वेला. गेली सहा वर्षं सुट्टी मिळाली की मी ठाणे खाडीच्या काठी असते. भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता, ऐरोलीचं वनखात्याचं केंद्र, शिवडीची जेट्टी. मोठी लेन्स पतपेढीचं कर्ज काढून घेतली, मार्चमध्ये शेवटचा हप्ता फिटला. नोव्हेंबर २०२३ ते मे २०२४ या सात महिन्यांतले फोटो निवडून मी ‘खाडीचे पाहुणे’ नावाचा शो केला. २१४ फोटो, प्रत्येक सहा सेकंद. एकवीस मिनिटांहून थोडा जास्त.

तो गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या मंडपात दाखवला. पहिली पाच मिनिटं लोक मान वर करून बघत होते. मग पोरं उठली, त्यांच्या मागे आया उठल्या, मग खुर्च्या सरकायला लागल्या. शेवटचा फोटो पडद्यावर आला तेव्हा सतरा माणसं उरली होती, त्यांत आमच्या घरचीच चार. नंतर प्रसाद घेताना प्रत्येकाने ‘छान झालं हं’ म्हटलं. शेजारच्या वहिनींना मी विचारलं, कुठला फोटो आवडला? त्यांनी जरा आठवून सांगितलं, ‘ते गुलाबी पक्षी होते ना, ते.’ गुलाबी पक्ष्यांचे फोटो ८८ होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वहिनी मनापासूनच बोलल्या होत्या, पण त्या ‘छान’मधून मला पुढे काय करायचं हे काहीच कळत नव्हतं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी या वर्गाचा नंबर दिला.

पहिला शनिवार २१ सप्टेंबरचा. पितृपक्ष चालू होता, त्यामुळे दादरला त्या मानाने गर्दी कमी होती. वर्ग दोघं मिळून घेतात. सर सत्तरीच्या पुढचे, पारदर्शिकांच्या, म्हणजे फिल्मच्या जुन्या स्लाइड्सच्या, काळापासून जंगलांचे शो करत आलेले. मॅडम चाळिशीतल्या, माहितीपटांचं संकलन करतात. सर फोटोबद्दल बोलतात, मॅडम एका फोटोनंतर दुसरा का आला याबद्दल. दोघांचं एकमेकांशी पटतंच असं नाही, आणि ते मतभेद आपल्यासमोर होतात. मला त्याचा उपयोगच झाला.

त्यांचे नियम तीन. शो पहिल्यांदा न थांबवता पूर्ण बघायचा. नुसतं ‘छान’ किंवा नुसतं ‘नाही आवडलं’ कोणी म्हणायचं नाही. वाक्याची सुरुवात ‘मला दिसलं’ अशी करायची. आणि ज्याचा शो असेल त्याने पहिली वीस मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही. शो चालू असताना प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद असतो, त्यावर फोटोंचे आकडे. जिथे लक्ष उडालं तिथे फुली मारायची, जिथे अजून थोडा वेळ बघावंसं वाटलं तिथे गोल करायचा. कारण लिहायचं नाही. सरांचं म्हणणं, कारण लिहायला लागलं की माणूस हुशारी दाखवायला लागतो.

माझे सात कागद मी अजून जपून ठेवलेत. पहिल्या अकरा फोटोंवर एकही फुली नव्हती. बाराव्यापासून फुल्या सुरू झाल्या, आणि ३० ते ७० या पट्ट्यात सातही कागदांवर फुल्यांच्या ओळीच्या ओळी. तो सगळा शिवडीच्या फ्लेमिंगोंचा भाग होता, माझ्या सर्वांत जास्त कष्टांचा. मग १३१ नंबरला अचानक पाच जणांनी गोल केले होते. तो होता निवटीचा फोटो. चिखलात बोटाएवढा मासा, डोकं वर काढून माझ्याकडे बघणारा, मागे तिवराची श्वसनमुळं काड्यांसारखी उभी. तो मी शेवटच्या क्षणी भर म्हणून घातला होता.

वीस मिनिटं गप्प बसणं मला फार जड गेलं. प्रत्येक फुलीला माझ्याकडे उत्तर होतं. त्या दिवशी किती वाजता उठले, पहिली गाडी पकडून कुर्ल्याला हार्बर लाइन कशी बदलली, जेट्टीवर तीन तास कशी बसले. बोलायची परवानगी मिळाल्यावर मी हे सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ताई, हे तीन तास आम्हाला पडद्यावर दिसलेच नाहीत. आम्हाला फक्त पोचलेले पक्षी दिसले. तुम्ही वाट बघत होतात तेव्हाचा एक तरी फोटो आहे का?’

होता. पाणी भरलेलं, एकही पक्षी नाही, लांबवर होड्या आणि धुकं. काही नाही म्हणून मी तो शोमध्ये घेतलाच नव्हता.

इथून माझा शो खरा बदलायला लागला. मी फोटो तारखेप्रमाणे लावले होते: नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मॅडमनी विचारलं की खाडीवर जायचं असेल तेव्हा तुम्ही कॅलेंडर बघता की भरतीची वेळ? अर्थातच भरतीची वेळ. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, आणि माझा अख्खा रविवार त्यावर ठरतो. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी लांबवर पांगतात. पाणी चढायला लागलं की तेच त्यांना ढकलत काठाकडे आणतं, आणि तेव्हा जेट्टीवरून त्यांच्या चोची नीट दिसतात. हे मी बोलून गेले आणि मॅडम म्हणाल्या, ‘मग शो हाच आहे ना.’ पाणी भरलेलं, पाणी उतरताना, उघडा चिखल, पाणी परत येताना, आणि मग उडालेला थवा.

सरांनी तिथेच एक अट घातली. सात महिन्यांचे फोटो एका भरती-ओहोटीच्या क्रमात लावायचे तर ते सुरुवातीला लिहायचं. बघणाऱ्याला हे सगळं एका दिवशी घडलं असं वाटू द्यायचं नाही. मॅडमना ती ओळ पडद्यावर नको होती, सुरुवातीचा परिणाम जातो म्हणून. माझं मत सरांच्या बाजूने पडलं. आता पहिल्या काळ्या पडद्यावर एवढंच आहे: ‘सात महिन्यांतले फोटो, एका भरती-ओहोटीच्या क्रमाने.’

या क्रमाची एक अडचणही आहे, ती सांगायला हवी. सकाळचे आणि संध्याकाळचे फोटो शेजारी आले की सावल्या एकदम उलट्या बाजूला पडतात आणि डोळ्याला धक्का बसतो. माझ्या शोमध्ये असे नऊ धक्के निघाले. आठ मी काढू शकले. एक अजून आहे, चाळिसाव्या फोटोपाशी, कारण त्या जागी ठेवायला सकाळचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही.

आता सरांच्या भागाबद्दल. ते फोटोवर बोलतात तेव्हा पडद्याजवळ जाऊन उभे राहतात आणि बोटाने दाखवतात. ‘बगळ्याच्या पाठीवर मला पीस दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका दिसतो.’ ‘हा रोहित मोठा लिहिलाय, पण चोच बघा.’ रोहित म्हणजे फ्लेमिंगोच, त्यात मोठा आणि छोटा असे दोन प्रकार. चोच जवळजवळ काळपट लाल होती. मोठ्या रोहितची चोच गुलाबी असते आणि फक्त टोक काळं. ही गडद चोच छोट्या रोहितची. सहा वर्षं खाडीवर जाणाऱ्या बाईने ही चूक करावी याचं मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी सगळ्या मथळ्यांची, म्हणजे फोटोंवर लिहिलेल्या नावांची, तपासणी केली. आणखी चार ठिकाणी तीच चूक सापडली. एका ठिकाणी तर करड्या-तपकिरी पिल्लाला मी वेगळाच पक्षी समजले होते. फ्लेमिंगोला गुलाबी रंग त्याच्या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे हळूहळू चढतो, तरुण पक्षी गुलाबी नसतो, हे मी मुलांना शाळेत स्वतः सांगते!

रंगांचं मात्र वेगळंच निघालं. माझे फ्लेमिंगो मोबाइलवर छान गुलाबी दिसतात आणि मंडपात मातकट दिसले होते. मी प्रोजेक्टरला दोष देत होते. मॅडमनी फाइल उघडून बघितली तर फोटो ॲडोबी आरजीबी या रंगपट्ट्यात, म्हणजे रंग साठवायच्या एका पद्धतीत, साठवलेले. बरेच प्रोजेक्टर आणि साधी स्लाइड शोची सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीत असल्यासारखीच दाखवतात, त्यामुळे रंग फिके पडतात. शोसाठी फाइल काढताना एसआरजीबी निवडायचं, बस्स. हे एक वाक्य मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. दुसरं, मी ६००० बाय ४००० पिक्सेलचे मूळ फोटो तसेच टाकले होते, म्हणून मधेच शो अडखळत होता. फुल एचडी पडद्याची उंचीच १०८० पिक्सेल. त्याहून मोठी फाइल देऊन पडद्यावर काही जास्त दिसत नाही.

उभ्या फोटोंचा हिशेब तर त्यांनी फळ्यावरच मांडला. आपल्या कॅमेऱ्याचा आडवा फोटो त्या पडद्यावर १६२० बाय १०८० एवढा बसतो. तोच कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो ७२० बाय १०८०. म्हणजे आडव्याच्या निम्म्याहूनही कमी जागा. उभा चित्रबलाक मला भव्य वाटत होता, तो मागच्या रांगेत बसलेल्याला काळ्या पडद्यातली एक पट्टी दिसत होता. उपाय सोपा: दोन उभे फोटो शेजारी शेजारी ठेवायचे, ते एका पडद्यात मावतात. पण ते दोन एकमेकांशी काही बोलले पाहिजेत. मी आता वाकून चिखलात चोच घातलेला रोहित आणि मान ताठ करून उभा असलेला रोहित असे जोडीने ठेवलेत.

प्रत्येक फोटो आपोआप हळूहळू मोठा होत जातो तो परिणाम मी सगळीकडे लावला होता. सरांनी सगळीकडचा काढायला लावला. स्तब्ध उभा असलेला पक्षी पडद्यावर आपल्या अंगावर येतो असं वाटतं आणि त्याचं स्तब्ध असणंच हरवतं. एका ठिकाणी मात्र त्यांनी तो ठेवला, जेट्टीवरून घेतलेल्या रुंद फोटोला, कारण तिथे नजर तशीही डावीकडून उजवीकडे जाते.

एक फोटो काढून टाकण्याबद्दल मी त्यांच्याशी बराच वेळ वाद घातला. मिठागराच्या बांधाजवळ शेकाट्या या पक्ष्याचं घरटं होतं, मातीतल्या खळग्यात चार अंडी. फोटो स्वच्छ आला होता, कागदांवर त्याला तीन गोलही होते. सर म्हणाले, ‘हा काढा.’ मी म्हटलं, मी लांबून, मोठ्या लेन्सने काढलाय. ते म्हणाले, ‘तुम्ही लांबून काढलात. उद्या हा बघून जो जाईल तो मोबाइल घेऊन जाईल.’ जमिनीवरच्या घरट्याजवळ माणूस थांबला की आई-बाप उठतात, उघडी अंडी उन्हात तापतात, आणि माणूस कुठे बघतोय हे कावळ्यांना बरोबर कळतं. फोटो चांगला असला की तो बघून लोक त्या जागी जातात, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी तो शोमधून काढला, मोबाइलमधूनही काढला. या एका गोष्टीसाठी मला हा वर्ग फार मोलाचा वाटतो. तिथे फोटोच्या पलीकडे असलेल्या पक्ष्याचाही विचार होतो.

आणि पुलाचं. शिवडीहून सुरू होणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्या हंगामातल्या माझ्या फोटोंत तो मागे येतच होता आणि मी प्रत्येक फोटो कापून त्याला बाहेर काढत होते. क्रेन कापली, धुराडी कापली, भांडुपच्या विजेच्या तारा कापल्या. आमच्या तुकडीतल्या बोरिवलीच्या एका काकूंच्या कागदावर शेवटी एकच वाक्य होतं, कारण लिहायचं नाही हा नियम मोडून लिहिलेलं: ‘मला दिसलं, पण हे मुंबईत आहे हे कुठेच दिसलं नाही.’ मी घरी जाऊन मूळ फोटो परत उघडले. पूल, त्याच्या खांबांची रांग, आणि त्याखाली गुलाबी रेघ. आज माझ्या शोमध्ये लोक सर्वांत जास्त वेळ बघतात तो फोटो हाच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, आणि त्याच्या दोन्ही काठांना लाखो माणसं राहतात. ती माणसं कापून मी कुठल्या खाडीचे फोटो दाखवत होते?

बाकीच्यांचे शो बघणं हा वर्गाचा अर्धा फायदा आहे, हे जाण्याआधी लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्याच्या शोमध्ये आपली चूक लगेच दिसते. त्या काकू संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कारवीच्या झुडपांचे फोटो घेऊन आल्या होत्या. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ नंतर ती २०२४ ला फुलली आणि त्यांच्याकडे दोन्ही वर्षांचे फोटो होते. त्यांनी सगळी २०१६ आधी आणि सगळी २०२४ नंतर लावली होती. डोंबिवलीच्या एका मुलाने सुचवलं की एकाच उतारावरचे दोन फोटो जोडीने दाखवा. दुसऱ्या शनिवारी त्यांनी ते करून आणलं. तोच उतार, तोच दगड, एकदा जांभळा, मग मधल्या एका वर्षाचा नुसता हिरवा, मग परत जांभळा. फुलून बी धरलं की झाड मरतं, म्हणजे २०२४ ला फुललेली कारवी ही २०१६ च्या बियांतून उगवलेली. काकूंनी काही न बोलता ते तीन फोटोंत दाखवलं. खोलीत कोणी हललं नाही.

तो डोंबिवलीचा मुलगा कॉलेजात आहे. किड्यांचे फोटो काढतो आणि सगळं मोबाइलवर. त्याच्यावर मात्र अन्याय झाला. दुसऱ्या शनिवारी सर जुन्या आठवणींत रमले. पारदर्शिका कशा धुवून यायच्या, प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये ८० मावायच्या, म्हणजे एक घालायची तर एक काढावीच लागायची. ट्रेची गोष्ट मला उपयोगी पडली. पण ती सांगण्यात पंचवीस मिनिटं गेली आणि या मुलाचा शो शेवटी उरलेल्या पंधरा मिनिटांत उरकला. त्यानेही इतरांइतकेच पैसे भरले होते. मी हे मॅडमना जिन्यात सांगितलं. त्यांनी मान्य केलं आणि त्याला पुढच्या तुकडीत एक संध्याकाळ फुकट बसायला सांगितलं. तरी वेळेचं हे त्यांनी सांभाळायला हवं.

दुसरी तक्रार खोलीची. पडदे पातळ आहेत. सहा-साडेसहापर्यंत बाहेरचा उजेड आत येतो आणि पडद्यावरचे काळे भाग राखाडी दिसतात. पहिल्या दिवशी माझा शो सव्वापाचला लागला आणि माझे कांदळवनातले फोटो ‘धुवट’ आहेत असं चौघांनी सांगितलं. मी घरी जाऊन ते गडद केले. दुसऱ्या वेळी सात वाजता अंधारात बघितले तर त्यात काहीच दिसेना, परत उजळ करावे लागले. तुमचा नंबर उशिरा लावून मागा, किंवा उजेड-अंधाराबद्दलचं मत पहिल्या तासातलं धरू नका.

संगीताबद्दलही माझं आणि त्यांचं जमलं नाही. मी बासरीची एक तयार फीत लावली होती. ती काढायला सांगितली, ते ठीकच. मला तिचे हक्कही माहीत नव्हते. पण त्यांचा एकूणच गाण्यांना विरोध आहे आणि त्याची कारणं ते नीट देत नाहीत. फोटोंबद्दल जितकं बारकाईने बोलतात तितकं आवाजाबद्दल बोलत नाहीत. मी स्वतःच मग मोबाइल घेऊन गेले आणि ओहोटीच्या वेळी चिखलाची बुडबुड, वारा आणि शेकाट्यांची कटकट रेकॉर्ड करून आणली. पाणी चढतं तिथे माझ्या आवाजात चार वाक्यं आहेत. बाकी शांतता.

मथळे ठेवण्यावरून मॅडमशी शेवटपर्यंत एकमत झालं नाही. त्यांना पडद्यावर अक्षर नको. मला नावं हवीत, कारण हा शो मी शाळेतही दाखवणार होते आणि मुलांना नाव कळलं की पक्षी त्यांचा होतो. डोंबिवलीच्या मुलानेच तोडगा काढला: फोटो आधी नुसता येऊ दे, दोन सेकंदांनी खाली डाव्या कोपऱ्यात नाव येऊ दे. सातवीच्या वर्गात दाखवला तेव्हा त्या दोन सेकंदांत मुलं ओरडून नाव सांगायला लागली. थापट्या! शेकाट्या! मागच्या बाकावरून एकाने सरळ ‘बदक’ म्हटलं आणि त्याच्या शेजारणीने त्याला चोचीचा आकार बघायला सांगितला.

दुसरा शनिवार ५ ऑक्टोबरचा होता. नवरात्र लागलं होतं, फूल मार्केटच्या बाहेर झेंडूचे ढीग, स्टेशनच्या पुलावरून चालायला जागा नाही. मी पुरा भिजलेला रुमाल हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि ६२ फोटोंचा शो लावला. आठ मिनिटं चाळीस सेकंद. सगळे फोटो सारख्या वेळाचे नाहीत आता. थवा उडताना तीन-चार सेकंदांचे, निवटीला बारा सेकंद दिले. फ्लेमिंगोंचे ८८ होते त्यातले चौदा राहिले. कागदांवर सात जणांच्या मिळून नऊ फुल्या आल्या, पहिल्या वेळच्या मी मोजल्या नव्हत्या इतक्या होत्या. सर म्हणाले, ‘अजून पाच काढता येतील.’ कुठले, ते त्यांनी सांगितलं. तीन काढायला मी तयार होते, दोन नाही. म्हणून आज तो खरं तर ५९ फोटोंचा आहे, शीर्षकात मी वर्ग संपला तेव्हाचा आकडा दिलाय.

कोजागरीला तोच शो सोसायटीत परत दाखवला. परत बघायला कोण येईल ही धाकधूक होती, म्हणून दूध आटेपर्यंतच्या वेळात ठेवला. या वेळी कोणी उठलं नाही. त्याच वहिनी नंतर ग्लास हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘तो चिखलातला मासा श्वास कसा घेतो गं?’ ओल्या कातडीतून आणि तोंडात-कल्ल्यांत धरून ठेवलेल्या पाण्या-हवेवर, असं मी सांगितलं. मग त्यांनी पुलाबद्दल विचारलं, मग त्यांचा मुलगा भरतीची वेळ कुठे बघायची ते विचारायला आला.

कोणी जावं? ज्यांच्याकडे एखाद्या जागेचे किंवा विषयाचे निदान शंभर फोटो आहेत आणि ते लोकांना दाखवायची इच्छा आहे, त्यांनी जरूर. नुकताच कॅमेरा घेतलेल्यांनी थोडं थांबावं. आमच्या तुकडीत एक गृहस्थ ताडोबाच्या एकाच सफारीचे फोटो घेऊन आले होते, त्यांना बदलायला हाताशी दुसरे फोटोच नव्हते आणि ते नाराज होऊन गेले. स्पर्धेला पाठवायचा एकेक फोटो तपासून हवा असेल तर ही जागा ती नव्हे.

जाताना शोची तयार फिल्म घेऊन जाऊ नका. तिच्यात क्रम बदलता येत नाही आणि तिथल्या तिथे करून बघण्याची मजा जाते. फोटो एका फोल्डरमध्ये आकडे घालून न्या, आणि शोमधून वगळलेले फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये न्याच न्या. माझा धुक्यातल्या होड्यांचा फोटो अशा वगळलेल्यांतूनच आला. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, चहा मधल्या सुट्टीत ते देतात. आणि निघताना आपले सात कागद मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत.